चार गाईंची बेल

आमच्या भागात मुरघासाची बेल बांधणाऱ्या मशीनला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नाही, रंगानं ओळखतात. ‘निळ्यावाल्याला सांगून ठेवलंय’, ‘लाल मशीन आज कुठं चाललंय?’ असंच बोलणं असतं. मीही इथं रंगच सांगणार आहे, आणि तेही अदलाबदल करून. ज्या कंपन्यांची मशीनं मी वापरली, त्यांची माणसं अजून भेटतात, चहा पाजतात. कुणाच्या धंद्यावर माती टाकायची माझी इच्छा नाही. शिवाय एकच मशीन एकाच्या हातात वर्षानुवर्षं चालतं आणि दुसऱ्याच्या हातात हंगामभर रडतं, हेही मी पाहिलंय.

राहाता, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी हा आमचा पट्टा. आधी उसाचा, मग दुधाचा. कारखाने सुरू झाले की जनावरांना उसाचं वाढं मिळायचं. तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या यायच्या, रस्त्याच्या कडेला वाढ्याच्या मोळ्या विकल्या जायच्या आणि गव्हाणी भरायच्या. देशी गाईचं, बैलाचं त्यावर भागत होतं. पण वीस लिटर दूध देणाऱ्या एचएफ गाईचं भागत नाही. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, हे डॉक्टर सांगून दमले. चारा मात्र तोच होता, कारण तोच मिळत होता. 2018-19 च्या दुष्काळात पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे जनावरांच्या छावण्या लागल्या तेव्हा तर वाढं हेच पक्वान्न झालं. त्या वर्षी ज्याच्या दारात मुरघास होता त्याची गाय छावणीत गेली नाही. मुरघासाच्या बेली बांधायचा माझा हा धंदा त्या वर्षानं सुरू केला, मी नाही.

मुरघासाची पहिली नीट माहिती बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात ऐकली होती. तेव्हा खड्डा होता, बंकर होता, नंतर पन्नास किलोच्या पिशव्या आल्या. तत्त्व सगळ्यांचं एकच. मका पिठाळ होत आली की तोडायची, अर्धा-पाऊण इंच कुट्टी करायची, दाबून हवा काढायची, झाकायची. हवा गेली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाला लागतात, सामू चारच्या आसपास येतो आणि चारा तिथंच थांबतो, सडत नाही. यात नवं काही नाही. फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार यांनी मकेच्या मुरघासावर 1877 मध्ये पुस्तक लिहिलं. फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांना 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात चारा टिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. मुरघासाला नोबेल मिळालंय, असं मी एकदा पारावर सांगितलं. एक जण म्हणाला, ‘‘मंग दुधाला भाव का मिळंना?’’

बेल म्हणजे हीच दाबलेली, झाकलेली कुट्टी, फक्त तिचा लहान खड्डा आपण उचलून कुठंही नेऊ शकतो. मशीनच्या एका भागात पट्टे किंवा रोलर फिरतात, त्यांच्यात कुट्टी फिरत फिरत गोल दाबली जाते, तिला जाळी बांधली जाते. मग गोळा दुसऱ्या भागात जातो आणि त्याच्यावर चिकट फिल्मचे थर चढतात. ही गुंडाळायची रीत 1980 च्या दशकात उत्तर युरोपातल्या पावसाळी देशांतून पसरली. त्यांची अडचण पावसाची, आपली उन्हाची. तिथं गवत सुकत नाही म्हणून ते गुंडाळतात, इथं तोडलेली मका दोन दिवसांत वाळून जाते म्हणून आपण गुंडाळतो. मशीनच्या पुस्तकात लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी एप्रिलमध्ये कोपरगावला का लागू पडत नाहीत, त्याचं कारण इथं आहे.

पहिलं मशीन पिवळं. चीनमधून सुटं आलेलं, इथं जोडलेलं, विजेवर चालणारं. सत्तर-ऐंशी किलोची बेल काढायचं. दोघांनी उचलून छोट्या हत्तीत टाकावी अशी. किंमत परवडली म्हणून घेतलं, दुसरं कारण नव्हतं. बटनांच्या पेटीवर सगळी चिनी अक्षरं. मुलानं मोबाईलवर वाचून मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यातली एक चिठ्ठी शेवटपर्यंत चुकीची होती. ‘थांब’ दाबलं की फिल्म सुरू व्हायची. आम्ही तेही शिकून घेतलं.

त्या मशीनची खरी अडचण वेगळी होती. त्याला थ्री फेज लागायची आणि शेतात थ्री फेज पाळीनं यायची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत उसाच्या कडेला मशीन लावायचं म्हणजे बिबट्याचं भय. आमच्याकडं हे भय गोष्टीतलं नाही. चौघं कामाला आणि एक जण बॅटरी घेऊन नुसता उभा, त्याचीही मजुरी धरायची. लाईट गेली की चेंबरमध्ये अर्धी बेल अडकायची. लाईट आली की ती हातानं उकरून काढायची, कारण तोवर ती गरम झालेली असायची. पट्ट्यांऐवजी रोलर असल्यानं बारीक कुट्टी फटींतून गळायची. खाली पडलेली पुन्हा वर टाकायला एक बाई लागायची. बेल दाबाला थोडी कमी, ढिली पडायची. ढिल्या बेलीत हवा राहते आणि हवा राहिली की बुरशीला घर मिळतं.

तरीही त्या मशीननं मला एक गोष्ट दिली, जिची किंमत मला दोन मशीन बदलल्यावर कळली. त्याचं काहीही तुटलं तरी संध्याकाळपर्यंत मिळायचं. बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या नंबरची, चेन मोटरसायकलच्या दुकानात मिळेल अशी, शाफ्ट वाकला तर लेथवाला सरळ करून द्यायचा. ते वारंवार तुटायचं, पण माझ्या गावात दुरुस्त व्हायचं.

लाल मशीन घेतलं ते वैतागून. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारं, म्हणजे लाइटची कटकट गेली. बेल त्याच मापाची, पण दगडासारखी घट्ट. पट्ट्यांचं चेंबर, गळती नाही. फिल्मचे किती थर चढले ते आकड्यात दाखवायचं. पहिल्या हंगामात मी त्याच्यावर खूश होतो, आणि लोकांना घ्या म्हणूनही सांगत होतो. दुसऱ्या हंगामात पुणतांब्याच्या बाजूला, गोदावरी कालव्याच्या आवर्तनावर वाढलेली चार एकर मका धरली होती. मका अगदी टिपेला आलेली. दाणा मोडला की वरचा अर्धा भाग पिठाळ, खालचा दुधाळ. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट दाबून सोडली की गोळा हळूहळू उलगडतो, हाताला पाणी लागत नाही. म्हणजे ओलावा पासष्ट ते सत्तर टक्क्यांत. यापेक्षा चांगली वेळ नाही. आणि दुपारी बेल पूर्ण झाली की नाही हे ओळखणारा सेन्सर गेला. अंगठ्याएवढी वस्तू. मशीन आपोआप थांबेना, जाळी सुटेना.

विक्रेत्यानं सांगितलं, वरून मागवतो. वरून म्हणजे परराज्यातून. उद्या येईल, परवा येईल, पार्सल निघालंय, नाशिकला आलंय. मार्चचं ऊन. मका रोज डोळ्यादेखत पिवळी पडत होती. शेताचे मालक म्हातारे आबा, रोज सकाळी बांधावर येऊन बसायचे. चिडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘‘भाऊ, ही मका काय तुझ्या पार्सलाची वाट बघायची नाय.’’ शेवटी जेसीबी बोलावला, खड्डा खोदला, प्लास्टिक अंथरलं आणि ट्रॅक्टर फिरवून जुन्या पद्धतीनं त्यांचा मुरघास केला. चांगला झाला. पैसे मात्र मी खड्ड्याचेच घेतले, बेलीचे मागायला तोंड नव्हतं.

या धंद्यात लोकांना वाटतं मशीन वर्षभर चालतं. तसं नसतं. एका शेताची मका मुरघासाला योग्य राहते ती आठ-दहा दिवस. एका गावात सगळ्यांची पेरणी एकाच आवर्तनावर असते, म्हणून सगळ्यांची मका एकदमच येते. वर्षात असे तीन-चार झोके. मशीन बाकीचा वेळ शेडमध्ये झोपलेलं असतं आणि तेव्हा ते कधीच बिघडत नाही. म्हणून ‘वर्षातून किती वेळा बिघडतं’ हा प्रश्नच नाही; ‘बिघडल्यावर किती दिवस’ हा प्रश्न आहे. विक्रीला आलेला माणूस पहिल्या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ देतो. दुसरा विचारला की साहेबांना फोन लावतो.

निळं मशीन युरोपातलं, वापरलेलं, कर्ज काढून आणलं. त्याच्याविषयी वाईट बोलायला माझ्याकडं फारसं काही नाही. असं यंत्र मी पुन्हा पाहणार नाही. साडेतीनशे किलोची बेल, कापली तरी वडीसारखी उभी राहायची. दाण्याचा वास, रंग सोनेरी-हिरवा. पन्नास-शंभर गाईंचे मुक्तसंचार गोठे बांधणारी तरुण पोरं नोंदणी करून रांगेत थांबायची. फिल्मही कमी लागायची, हे गणित सरळ आहे. गोळा मोठा झाला की वजन जास्त वाढतं, पृष्ठभाग तेवढा वाढत नाही. सत्तर-ऐंशी किलोच्या बेलीला टनामागे जेवढी फिल्म लागते, ती साडेतीनशे किलोच्या बेलीपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. मी आनंदात होतो. भाव किलोमागे थोडा कमी करून दिला, तरी सुटत होतं.

माझं जुनं गिऱ्हाईक त्या वर्षी हळूहळू तुटलं आणि ते माझ्या लक्षात यायला उशीर लागला, कारण मोठ्या ऑर्डरींनी वही भरलेली होती.

मला जागं केलं ते एका मावशींनी. चार गाई, नवरा नाही, मुलगा शिर्डीला हॉटेलात कामाला. पिवळ्या मशीनच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. मोठी बेल स्वस्त पडते म्हणून त्यांनीही घेतली. टेम्पोतून फळीवरून लोटत लोटत गोठ्यापर्यंत आणली, तिला उभं करायला शेजारचे चौघं लागले. आठवड्यानं दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेलो तर बेलीचा उरलेला भाग उकिरड्यावर. हात घातला तर आत भाजत होतं. पांढरी बुरशी, वर निळसर ठिपके. मी फिल्म फाटली का विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘फिल्मला काय झालं नाय रं. बेल झाक होती. माझाच गोठा बारका पडला.’’

हिशेब तिथंच मातीत काडीनं मांडला. दुभती गाय दिवसाला पंधरा ते वीस किलो मुरघास खाते. चार गाईंना साठ ते ऐंशी किलो. म्हणजे लहान बेल एका दिवसाची, बरोबर एका दिवसाची. सकाळी फाडली, संध्याकाळी संपली. मोठी बेल त्याच गोठ्यात पाच दिवस पुरते, आणि एप्रिलच्या चाळीस अंशात उघडा मुरघास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापायला लागतो. हवा लागली की यीस्ट आणि बुरशी जागी होते, आम्ल खाते, साखर जाळते. गाय तो चारा हुंगून सोडते, नाहीतर खाते आणि दूध घटतं. बुरशीचं विष दुधात उतरतं ते वेगळंच. त्या मावशींनी किलोमागे जे वाचवलं, ते तिपटीनं उकिरड्यावर गेलं.

खड्ड्याचा दोष हाच होता की लहान गोठ्यात तो एकदा उघडला की रोज हवा खात बसतो. बेल आली ती हा दोष घालवायला. आणि मी चांगलं मशीन घेण्याच्या नादात लहान गोठ्याला पुन्हा खड्डाच विकत होतो, फक्त गोल आणि झाकलेला. आमच्या भागात दूध कुणाच्या जिवावर चालतं ते डेअरीवर सकाळी उभं राहिलं की दिसतं. मोठे गोठे आहेत, पण रांग असते ती दहा लिटर, पंधरा लिटरवाल्यांची.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. 26 ऑक्टोबर 2023 ला निळवंडे धरणाचं आणि डाव्या कालव्याचं जलपूजन झालं. तळेगाव दिघेकडच्या जिरायत गावांत, जिथं आयुष्यभर बाजरी आणि टँकर पाहिला, तिथं कालव्याचं पाणी दिसायला लागलं. पाणी आलं की आमच्या लोकांच्या डोक्यात पहिली मका येते, दुसरी गाय. हे सगळे दोन गाई, तीन गाईवाले. त्यांच्याकडं ना लोडर, ना शंभर टन ठेवायला जागा. निळ्या मशीनला तिथं काम नव्हतं.

मधल्या वर्षांचं फार सांगत नाही, तुम्हीही तेच भोगलंय. लॉकडाउनमध्ये दूध लिटरला वीसच्या आत गेलं. 2022 मध्ये लम्पी आला, बाजार बंद, कुणी परक्या गाडीला गोठ्याजवळ येऊ देईना. बेली वेशीवर उतरवून घेतल्या. 2023 च्या सुरुवातीला दूध वर होतं आणि वर्षाअखेरीस पुन्हा खाली. दुधाचा भाव पडला की शेतकरी आधी मुरघास कमी करतो आणि मग पेंड. नंतर इथेनॉलला मका जायला लागली, दाण्याला भाव आला आणि उभी मका मुरघासाला देईना कुणी. मशीनचा हप्ता मात्र दर महिन्याला. मोठं मशीन घेणाऱ्यानं हा एक विचार नक्की करावा. बेल शेडमध्ये वर्षभर थांबते, बँक थांबत नाही.

निळं विकलं. घेणारा पुण्याकडचा मोठा गोठेवाला आहे, त्याच्याकडं ते सोन्यासारखं चाललंय, कारण तिथं रोज दोन हजार किलो चारा उठतो.

चौथं मशीन घेताना मी प्रदर्शनात गेलो नाही, माहितीपत्रक वाचलं नाही. सुट्या भागांच्या दुकानात गेलो. यातला पट्टा कुठल्या मापाचा? इथं कापून जोडता येतो का? सेन्सर कुठल्या नंबरचा, नाशिकच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल का? बेअरिंग बघितली, नंबर लिहून घेतले, श्रीरामपूरला जाऊन खात्री केली. फिल्म कुठल्याही कंपनीची बसते का, की त्यांचाच रोल घ्यावा लागतो? मग रात्री दहाला त्यांच्या फिटरला फोन लावला. उचलला. दुसऱ्या दिवशी व्यवहार केला. मशीन देशी आहे, ट्रॅक्टरवर चालतं, सत्तर-ऐंशी किलोची बेल काढतं. निळ्याइतकं देखणं नाही. पट्ट्यांचं चेंबर आहे. सेन्सरचे दोन जादा नग आणि एक पूर्ण पट्टा मी पेटीत ठेवून फिरतो, आणि ती पेटी हंगामात मशीनपेक्षा महत्त्वाची असते.

अनुदानाचं विचारतात लोक. महाडीबीटीवर अर्ज करतात, निवड झाली की धावपळ. अनुदानाला चाचणी अहवाल असलेलंच मशीन चालतं, हे योग्यच आहे; निदान मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या सरकारी केंद्रात कुणीतरी ते चालवून पाहिलेलं असतं. पण यादीत आहे म्हणून मशीन घेणारे मी बरेच पाहिले, आणि त्यातली काही मशीनं आज कोंबड्यांना सावली देताहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून बेलरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. त्याचा फायदा घ्या, पण तेवढ्यासाठी घेऊ नका.

मशीनच्या कंपनीवरून गावागावांत जेवढं भांडण होतं, त्याच्या निम्मंही फिल्मवरून होत नाही, आणि बेली खराब होतात त्या बहुतेक फिल्मनं किंवा ठेवण्यानं. एका तरुण मित्रानं तक्रार केली, ‘दादा, लाल मशीनच्या सगळ्या बेली सडल्या.’ जाऊन पाहिलं. मकेच्या कापलेल्या धसांवर बेली आडव्या लोटून दिलेल्या. धसं खालून टोचलेली, वरून कावळ्यांनी टोचलेलं, कडेनं घुशींची बिळं. बेल उभी ठेवायची असते, सपाट तोंडावर. गोल बाजूपेक्षा सपाट तोंडावर फिल्मचे थर जास्त बसलेले असतात. आणि उभी ठेवली की तिचा आकार बिघडत नाही, शिवणी उघडत नाहीत. यात कुठल्याच रंगाचा दोष नाही.

फिल्म पंचवीस मायक्रॉनची असते. मशीनमध्ये ती दोन रोलरमधून जाते, पुढचा रोलर मागच्याहून जोरात फिरतो म्हणून ती ताणली जाते. एक मीटरची दीड मीटरहून थोडी जास्त व्हावी. उन्हात तापलेला रोल लावला तर ती जास्तच ताणली जाते, अरुंद होते, आणि एकावर एक अर्धी यायची ती येत नाही. मध्ये फट राहते. डोळ्यानं दिसत नाही. मी रोलवर पेननं दहा सेंटिमीटरवर दोन रेघा मारतो, बेलीवर चढल्यावर मोजतो. साडेपंधरा ते सतरा आलं तर ठीक. अठरा-एकोणीस आलं की काम थांबवून सावलीतला रोल आणतो. चार थरांत भागतं म्हणणारे आहेत. पावसाळी देशात भागत असेल. आमच्या उन्हात आणि आमच्या कावळ्यांत सहाच्या खाली मी जात नाही, मग गिऱ्हाईक नगामागे कितीही घासाघीस करो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवलेले रोल घेऊ नका, त्यांचा चिकटपणा सुटलेला असतो. आणि खाली पडून कड चेपलेला रोल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो प्रत्येक बेलीत एकदा तुटतो.

मुरघासात गूळ, मीठ, कल्चर घालावं का, असं मला रोज विचारतात. मकेत स्वतःची साखर भरपूर असते, वेळेवर तोडली आणि दाबली तर गुळाची गरज नाही. नेपियर गवताचा करत असाल तर गोष्ट वेगळी. दाणा मात्र फुटलाच पाहिजे. शेणात अख्खा दाणा दिसला की समजा, कुट्टीची पाती बोथट आहेत आणि निम्मा पैसा उकिरड्यावर चाललाय. त्या पात्यांना रोज धार लावायची असते, आणि ती बेलच्या मशीनला नसतात. त्यामुळे कंपनी बदलून शेण बदलत नाही.

लहान बेलीकडं परत आल्याची एक किंमत आहे आणि ती मी मोजायची बाकी ठेवू शकत नाही. टनामागे फिल्म पावणेदोन पट, म्हणजे प्लास्टिकही तेवढंच जास्त. रोज सकाळी एकेका गोठ्यात एकेक बेल फाटते. ती फिल्म बांधावर जळते, नाहीतर वाऱ्यानं उडून शेजारच्या गव्हाणीत जाते. जाळीचे तुकडे मुरघासात मिसळून गाईच्या पोटात जातात आणि मग डॉक्टरांना पोट उघडावं लागतं. माझ्या एका गिऱ्हाइकाची चांगली दुभती गाय अशीच गेली, पोटातून निघालेला गोळा त्यांनी मला दाखवायला ठेवला होता. त्या दिवसापासून मी गाडीत रिकामं पोतं ठेवतो. स्वच्छ, कोरडी फिल्म भंगारवाला घेतो. मातीची, ओली घेत नाही. जाळी वेगळी ठेवावी लागते.

तेव्हा माझ्याकडून घ्या किंवा दुसऱ्या कुठल्याही रंगाच्या मशीनवाल्याकडून घ्या, बेल उघडताना फिल्म ओरबाडू नका. वरच्या तोंडावर एक कट मारून ती अख्खी खाली ओढा. जाळी सोडवून ती सगळी बाहेर काढा, मगच चारा गव्हाणीत टाका. फिल्म झटकून, घडी करून सावलीत ठेवा आणि पुढच्या वेळी टेम्पो आला की ड्रायव्हरच्या हातात द्या. तो नाही म्हणाला तर त्याच्याकडून पुढची बेल घेऊ नका.